दहा हजारांच्या आत घरासाठी कोणता व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा?

विश्रामबागची गृहिणी, सांगली

नमस्कार. गेले तीन आठवडे मी व्हॅक्यूम क्लीनर या एकाच विषयात अडकले आहे आणि जितके वाचते तितका गोंधळ वाढत चालला आहे, म्हणून येथे जरा सविस्तर विचारते.

आमचे घर विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूची गॅलरी एवढाच पसारा. सगळीकडे व्हिट्रिफाइड फरशी आहे. गालिचा म्हणावा असा एकही नाही, दिवाणखान्यात फक्त एक सतरंजी असते. धूळ धरून ठेवणाऱ्या वस्तू म्हणजे कापसाच्या दोन जुन्या गाद्या, फोमची एक गादी, कापडी सोफा आणि जाड पडदे. रोजचा केर मावशी काढतात आणि फरशीही त्याच पुसतात, त्यामुळे झाडूला रजा देण्याचा माझा विचार नाही.

अडचणी दोन आहेत. सासूबाईंना दमा आहे आणि केर काढताना उडणाऱ्या धुळीने त्यांना लगेच ढास लागते. दुसरी अडचण ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना ठाऊक असेल. गळीत हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत गॅलरीत, खिडक्यांच्या सरकत्या पट्ट्यांत आणि जाळ्यांवर बगॅसची, म्हणजे कारखान्यात जाळलेल्या उसाच्या चिपाडाची, काळी राख येऊन बसते. ओल्या फडक्याने पुसायला गेले की ती चोळली जाते आणि फरशीच्या सांध्यांत काळी रेघ उमटते. कोरड्या झाडूने काढायला गेले की उडून घरात येते.

बाजारात चौकशी केली तर एका दुकानदाराने २००० वॅटचे यंत्र पुढे केले आणि वॅट जास्त म्हणजे ताकद जास्त असे सांगितले. ऑनलाइन विक्रीच्या पानांवर वॅटऐवजी किलोपास्कलचे आकडे असतात. मध्यंतरी एक विक्रेता घरी येऊन गेला. त्याने आमच्या गादीवर यंत्र फिरवून नळीच्या तोंडाशी लावलेले पांढरे फडके दाखवले, ते इतके मळले होते की मला अक्षरशः शरम वाटली. पण त्याच्या यंत्राची किंमत माझ्या अंदाजाच्या चौपट होती. मुलाला बिनवायरीचे काठीसारखे यंत्र हवे आहे. ह्यांचे म्हणणे असे की इतकी वर्षे झाडूवर भागले, पुढेही भागेल.

माझी मर्यादा दहा हजारांची आहे. वॅट पाहावेत की किलोपास्कल, पिशवीचे घ्यावे की बिनपिशवीचे, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर खरोखर आवश्यक असतो का आणि पाणीही ओढणाऱ्या यंत्राचा आमच्यासारख्या घरात काही उपयोग आहे का, हे कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल.

दुरुस्तीवाला, पोवई नाका, सातारा

ताई, आपण घराचे वर्णन आधी केले आणि यंत्राचे नंतर विचारले हे फार बरे झाले. दुकानात बहुतेक जण उलट्या क्रमाने येतात. साताऱ्यात २२ वर्षे मी मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. विक्री करत नाही, त्यामुळे कोणत्याही कंपनीची भलामण करण्याचे मला कारण नाही.

डब्यावर छापलेले वॅट म्हणजे यंत्र मीटरमधून किती वीज खाते त्याचा आकडा आहे. ते धूळ किती ओढते याच्याशी त्याचा संबंध असतो, पण दूरचा. आपल्याकडचा शेतकरी नदीवर पंप बसवायचा म्हटला की नुसते हॉर्सपॉवर विचारून परत येत नाही. तो हेड विचारतो आणि डिस्चार्जही विचारतो, कारण एकाच हॉर्सपॉवरचा एक पंप थोडे पाणी उंच चढवतो आणि दुसरा भरपूर पाणी थोड्याच उंचीवर टाकतो. व्हॅक्यूम क्लीनरचे गणित अगदी हेच आहे. हेडच्या जागी किलोपास्कल आणि डिस्चार्जच्या जागी दर सेकंदाला किती लिटर हवा ओढली जाते तो आकडा. या दोहोंच्या गुणाकाराला एअर वॅट म्हणतात आणि खरी सफाई त्यावर ठरते.

आता यातली मेख सांगतो. जाहिरातीतला किलोपास्कलचा आकडा नळीचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह मिटवून मोजलेले हेड. त्या क्षणी हवा वाहतच नसते, त्यामुळे गुणाकार शून्य येतो. २० किलोपास्कल म्हणजे सुमारे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतका ओढा. ऐकायला मोठा वाटतो, पण नळी अरुंद असेल, ब्रशला फटी असतील किंवा फिल्टर कोंदलेला असेल तर त्यातले फरशीपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. हवेच्या प्रवाहाचा आकडा बहुतेक डब्यांवर नसतोच. म्हणून १७ आणि २१ किलोपास्कलच्या दोन यंत्रांत चार किलोपास्कलच्या फरकासाठी दोन हजार रुपये जास्त मोजू नका. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली. तिकडची घरे गालिच्यांनी भरलेली असतात आणि तरीही त्यांचे भागते. मग आपल्या गुळगुळीत फरशीला २००० वॅट कशाला लागावेत?

जास्त वॅटचा एक तोटा दुकानात कोणी सांगत नाही. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो आणि २३० व्होल्टला त्याची झेप १३८० वॅटच्या पुढे जात नाही. १६०० वॅटचे यंत्र त्यावर रोज चालवले तर सॉकेट काळा पडतो. मग माणसे एक्स्टेन्शन बोर्ड लावतात आणि तो वितळला की माझ्याकडे येतात. एवढ्या वॅटचे यंत्र घ्यायचेच असेल तर ते फ्रिजसारख्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावे, आणि असे सॉकेट प्रत्येक खोलीत नसतात.

फडक्याच्या खेळाने आपण मनाला लावून घेऊ नका. कापसाच्या जुन्या गादीतून कापसाची भुकटी निघतेच. पिंजाऱ्याने कालच पिंजून दिलेल्या गादीवरही तो प्रयोग करून पाहा, फडके मळेल. त्या प्रयोगातून यंत्र ओढते एवढेच सिद्ध होते आणि तितके तर तीन हजारांचे यंत्रही ओढते.

बिनवायरीच्या यंत्राबद्दल चिरंजीवांना हे गणित घालावे. त्यातल्या बॅटरीवर २१.६ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-अवर असे लिहिलेले असेल, तर तिच्यात ५४ वॅट-अवर वीज मावते. मोटार ४०० वॅटची असेल तर पूर्ण ताकदीवर ती सुमारे आठ मिनिटांत संपते. डब्यावरची ४५ मिनिटे असतात ती सर्वांत मंद वेगावरची, आणि त्या वेगावर केस उचलले जातात, राख नाही. शिवाय तीन-चार वर्षांत बॅटरी मान टाकते, आणि त्या मॉडेलची बॅटरी तोपर्यंत मिळेल याची खात्री नसते. दहा हजारांत बिनवायरीचे यंत्र मिळते, पण तेवढ्याच पैशांत वायरीचे यंत्र कितीतरी जास्त काम देते.

आता माझ्या टेबलावर यंत्रे कशाने येतात ते सांगतो, कारण यंत्र कोणते टिकते हे त्यातून कळते. बहुतेकांची मोटार मुळात चांगली असते. साध्या कोरड्या यंत्रात मोटारीला थंड ठेवणारी हवा म्हणजे फिल्टरमधून गाळून आलेली हवाच असते. फिल्टर कोंदला की हवा कमी होते, मोटार तापते आणि आतला थर्मल कटआउट तिला बंद करतो. माणूस दहा मिनिटांनी पुन्हा चालू करतो, पुन्हा बंद पडते, आणि असे दोन महिने रेटल्यावर आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, जळते. दुसरे कारण ओला फिल्टर. धुतलेला फिल्टर सावलीत पुरे २४ तास वाळवावा, पावसाळ्यात दोन दिवस. घाईने दमट फिल्टर बसवला की धूळ त्यावर चिखलासारखी थापली जाते. तिसरे कारण ऐकून हसाल, पण दिवाळीनंतर हमखास येणारी यंत्रे रांगोळी ओढलेली असतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती फिल्टरची छिद्रे बुजवते आणि पलीकडे गेलेली कणी बेअरिंग खाते. रांगोळी, सिमेंट, पीओपीची धूळ आणि धुपाटण्यातली गरम राख या चार वस्तू घरगुती यंत्राच्या तोंडी देऊ नयेत. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा कार्बनचा तुकडा झिजणे हे चौथे कारण, पण तो नैसर्गिक झिजेचा भाग आहे आणि थोडक्या खर्चात निभावतो, अर्थात त्या मापाचा कार्बन मिळत असेल तर.

यावरून माझे मत असे की आपल्या घराला १००० ते १४०० वॅटचे, वायरीचे, पिशवी असलेले जमिनीवर ओढत न्यायचे यंत्र पुरेल. सोबत फटींसाठी चपटे तोंड, सोफ्यासाठी छोटे तोंड आणि मऊ केसांचा गोल ब्रश एवढे हवे. गालिच्यासाठी फिरणाऱ्या मोटारी ब्रशला पैसे घालू नका. घेण्यापूर्वी त्या कंपनीचे सेवा केंद्र सांगली-मिरजेत आहे की दर वेळी कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवावे लागते, तसेच पिशव्या, नळी आणि फिल्टर सुटे मिळतात का, हे दुकानदाराला नव्हे तर सेवा केंद्रालाच फोन करून विचारावे.

निवृत्त शिक्षक, गावभाग, सांगली

वरच्या उत्तरातील पंपाची उपमा फारच समर्पक आहे; मात्र शेवटच्या शिफारशीशी मी पूर्ण सहमत नाही. सांगलीत राहणाऱ्याने पाणी ओढणाऱ्या यंत्राचा विचार केल्याशिवाय निर्णय करू नये, असे माझे मत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले आणि ओसरल्यावर जो गाळ मागे राहिला तो फरशीवर साय धरावी तसा बसला होता. फावड्याने आणि खराट्याने मोठा गाळ काढला, पण उंबऱ्याच्या कडा, जिन्याचे कोपरे आणि दारांच्या चौकटींखालचे पाणी निघता निघेना. पुतण्याने कुपवाडच्या कारखान्यातून पिंपासारखे व्हॅक्यूम आणले आणि एका दुपारी ते काम संपवले. त्यानंतर मी तशाच धाटणीचे लहान, घरगुती यंत्र घेतले आणि २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले तेव्हा ते उपयोगी पडले. ताईंचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे हे मान्य. परंतु पावसाळ्यात गॅलरीत साचणारे पाणी, फुटलेला वॉशिंग मशीनचा पाइप आणि सोफ्यावर सांडलेला चहा हे मजला पाहून येत नाहीत.

या यंत्रांचा आणखी एक गुण असा की बहुतेकांत मोटार थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, धुळीच्या वाटेने नाही. त्यामुळे फिल्टर कोंदल्याने मोटार तापण्याचा वर सांगितलेला प्रकार त्यांत कमी होतो. पाणी वर चढू लागले की आतला तरंगणारा गोळा हवेची वाट बंद करतो आणि मोटारीचा आवाज एकदम चढतो. तो आवाज ऐकताच यंत्र बंद करून पिंप रिकामे करावे. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते. पाणी ओढताना कागदी फिल्टर आणि पिशवी काढून स्पंजाचा फिल्टर लावायचा आणि कोरड्या कामाला पुन्हा उलट करायचे. आमच्या घरी हे एकदा विसरले गेले आणि कागदाचा लगदा झाला.

दोष दोन. आवाज मोठा आहे. दुपारी शेजारी झोपले असताना मी ते चालवत नाही. दुसरे म्हणजे ते ओबडधोबड असते आणि पलंगाखाली ठेवता येत नाही.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९०१ च्या सुमारास लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि फुंकण्याऐवजी ओढता का येऊ नये असा प्रश्न त्याला पडला. त्याने खुर्चीच्या कापडावर रुमाल ठेवून तोंडाने हवा आत ओढली आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा ठसा उमटला. म्हणजे फडक्याचा जो खेळ विक्रेत्याने ताईंच्या घरी केला, तो या यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो रुमाल. ओढणे सोपे असते, ओढलेली धूळ अडवून धरणे अवघड असते.

परिचारिका, मिरज

मी मिरजेत अनेक वर्षे श्वसनविकाराच्या रुग्णांची शुश्रूषा करते. औषधांबाबत सासूबाईंच्या डॉक्टरांचाच शब्द अखेरचा, पण यंत्राबाबत काही गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण दम्यासाठी म्हणून घेतलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने दमा वाढल्याची घरे मी पाहिली आहेत.

यंत्र पुढच्या तोंडाने धूळ ओढते आणि मागच्या तोंडाने हवा बाहेर टाकते. पिशवी साध्या कापडाची असेल तर डोळ्यांना दिसणारा केर आत राहतो आणि न दिसणारी बारीक धूळ मागून खोलीभर उडते. ती तासन् तास हवेत तरंगते आणि फुफ्फुसांत खोलवर जाते ती तीच. हेपा फिल्टर यासाठीच असतो. अमेरिकी मोजणीप्रमाणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा तो हेपा, आणि युरोपीय वर्गवारीत एच १३ दर्जाचा फिल्टर अडवायला सर्वांत कठीण असलेल्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवतो. डब्यावर नुसते ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असे लिहिले असेल तर त्या शब्दांना काही अर्थ नाही. एच १३ असा दर्जा छापलेला आहे का ते पाहावे. दर्जा असूनही झाकणाच्या रबरी पट्टीतून हवा निसटत असेल तर फिल्टर निष्फळ ठरतो. याची परीक्षा घरच्या घरी होते. रात्री खोलीत अंधार करावा, यंत्र चालवावे आणि मागच्या जाळीवर व झाकणाच्या सांध्यांवर टॉर्चचा झोत आडवा धरावा. धुळीचे कण झोतात नाचताना दिसले तर यंत्र गळते आहे.

पिशवी की बिनपिशवी या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. बिनपिशवीच्या यंत्राचा डबा कचऱ्यात उपडा करताना जो लोट उठतो तो रुग्णासाठी सर्वांत वाईट. झिप असलेली कापडी पिशवी गॅलरीत झटकणे हेही तसेच. एकदा वापरून तोंड बंद करून टाकून द्यायच्या न विणलेल्या कापडाच्या पिशव्या मिळतात, त्या घ्याव्यात. खर्च वाढतो, पण आपण यंत्र घेत आहात तेच मुळी या कारणासाठी. शिक्षककाकांनी सांगितलेल्या पिंपाच्या यंत्रांपैकी काहींत अशी पिशवी बसते, काहींत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

गाद्यांबद्दलही थोडे लिहिते. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्यांची विष्ठा आणि मेलेल्या किड्यांचे अवशेष श्वासातून गेले की अनेकांना दम लागतो. व्हॅक्यूम क्लीनर गादीच्या वरच्या थरातले हे अवशेष कमी करतो, खोल शिरलेले जिवंत किडे काढू शकत नाही. त्यासाठी चादरी आणि अभ्रे आठवड्याला निदान ५५ ते ६० अंश तापलेल्या पाण्यात धुवावेत, गादीला झिपचे घट्ट विणीचे आवरण घालावे आणि कापसाच्या गाद्या आपल्या आयांप्रमाणे गच्चीवरच्या कडक उन्हात टाकाव्यात. यंत्र चालवताना आणि त्यानंतर निदान तासभर सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवावे. पिशवी बदलण्याचे काम त्यांच्याकडे कधीही देऊ नये.

शाहूपुरी, सातारा

यंत्रमानवाचा विषय कोणी काढला नाही म्हणून दोन ओळी. आम्ही हौसेने सपाट तबकडीसारखा रोबो घेतला, किंमत ताईंच्या मर्यादेच्या दुप्पट होती. आमचे घर जुने आहे आणि प्रत्येक दाराला उंबरा आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतची चढण तो कशीबशी पार करतो, आमचे उंबरे त्याहून उंच आहेत, त्यामुळे त्याला उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावे लागते. सतरंजीच्या दशा त्याच्या ब्रशात गुंडाळल्या जातात. गादी, पडदे, खिडकी यांना तो शिवत नाही. सपाट फरशीवरची रोजची धूळ आणि केस मात्र उत्तम काढतो, हे कबूल करतो.

विश्रामबागची गृहिणी, सांगली

इतक्या मनापासून उत्तरे आल्याबद्दल सर्वांची आभारी आहे. गादीबद्दल वाटणारी शरम तर गेलीच.

आपल्या सल्ल्यांवरून मी दोन यंत्रांवर आले आहे. पहिले १२०० वॅटचे, पिशवीचे, कोरडे यंत्र; त्यावर एच १३ असा दर्जा स्पष्ट छापलेला आहे, पण त्याचे सेवा केंद्र पुण्यात आहे. दुसरे १००० वॅटचे, १० लिटर पिंपाचे, पाणीही ओढणारे. त्यात टाकाऊ पिशवी बसते, मागच्या बाजूला हेपा फिल्टर वेगळा घेऊन लावता येतो आणि सेवा केंद्र मिरजेत आहे. फिल्टर धरून दोघांची किंमत जवळपास सारखी, साडेआठ हजारांच्या आसपास येते. पिंपाचे यंत्र बगॅसच्या राखेला चालेल का? आणि विजेचे बिल किती वाढेल?

दुरुस्तीवाला, पोवई नाका, सातारा

ताई, दुसरे घ्या. मी वर कोरडे यंत्र सुचवले होते, पण मिरजेतले सेवा केंद्र आणि पिशवी बसण्याची सोय या दोन गोष्टी एकत्र मिळत असतील तर माझे मत बदलायला हरकत नाही, आणि गुरुजींचा मोटार थंड ठेवण्याविषयीचा मुद्दाही बरोबर आहे. फक्त घेण्याआधी मिरजेत फोन करून पिशव्या आणि मागचा फिल्टर प्रत्यक्ष शिल्लक आहेत का ते विचारा. कंपनीच्या पानावर सुटे भाग दिसतात आणि केंद्रात ‘मागवावे लागतील’ असे उत्तर मिळते. अशा उत्तरात एका गिऱ्हाइकाचे सात महिने गेलेले मी पाहिले आहेत.

बगॅसची राख हलकी असते आणि कोरडी असेपर्यंत सहज ओढली जाते. मऊ केसांचा ब्रश लावून, न दाबता, फरशीपासून किंचित वर धरून फिरवावा. दाबला की ती चोळली जाते आणि फडक्यासारखीच रेघ उठते. आधी यंत्र आणि मग ओले फडके, हा क्रम मावशींना नीट सांगून ठेवा. सकाळचे दव पडले असेल तर ऊन येईपर्यंत थांबा, कारण ओलसर राख पिशवीची छिद्रे पटकन बुजवते. हंगामात पिशवी पूर्ण भरण्याची वाट पाहू नका, दोन तृतीयांश भरली की बदला. खिडकीच्या पट्टीत आधी दात घासायच्या जुन्या ब्रशने राख मोकळी करून चपटे तोंड लावावे.

बिलाची काळजी नको. १००० वॅटचे यंत्र आठवड्यातून तीन वेळा वीस-वीस मिनिटे चालवले तर आठवड्याला बरोबर एक युनिट होते.

विश्रामबागची गृहिणी, सांगली

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. पिंपाचेच यंत्र घेतले. सेवा केंद्राला आधी फोन केला तेव्हा पिशव्या होत्या, पण मागचा फिल्टर नव्हता; तो आल्याचे त्यांनी कळवल्यावरच यंत्र घेतले, त्यात बारा दिवस गेले. पहिल्या रात्री टॉर्चची परीक्षा केली. मागच्या जाळीशी काही दिसले नाही, पण झाकणाच्या एका कडेशी कण नाचताना दिसले. पाहिले तर रबरी पट्टी एका ठिकाणी दुमडलेली होती. ती सरळ बसवल्यावर थांबले.

राख निघते. गॅलरीतली काळी रेघ यंदा अजून उमटलेली नाही, मात्र खिडकीच्या जाळ्यांना ब्रश लावला तरी मधली राख राहते आणि त्या शेवटी काढून धुवाव्याच लागतात. आवाजाबद्दल गुरुजींनी लिहिले ते खरे आहे. सासूबाई त्या वेळी खाली देवळात जाऊन बसतात. त्यांना रात्रीची ढास कमी लागते असे त्या म्हणतात. पण त्याच सुमारास गाद्यांना आवरणे घातली आणि चादरी गरम पाण्यात धुऊ लागले, त्यामुळे श्रेय कोणाचे हे मला सांगता येणार नाही.

मावशींनी यंत्राला पहिला आठवडा हात लावला नाही, आता सोफा त्याच करतात. पहिली पिशवी पंचविसाव्या दिवशी बदलली. पाच पिशव्यांचा पुडा आहे, हंगाम संपेपर्यंत बहुधा तो पुरेल.